जळगाव-धुळ्याकडे छोट्या कारखान्यात ईआरपी बसवायचं असेल तर काय काय करावं लागतं

जळगाव एमआयडीसीत पाईपच्या युनिटमध्ये अकाउंट्स आणि स्टोअर बघत असताना ईआरपी बसवायचं काम माझ्याकडे आलं, नंतर नात्यातल्या एका डाळ मिलमध्ये आणि ओळखीच्या जिनिंगमध्ये तेच काम जवळून बघितलं, केलं. आता कोणी ना कोणी फोन करत असतं की भाऊ आम्ही पण सॉफ्टवेअर घ्यायचं म्हणतोय, कोणतं घेऊ? कोणतं घ्यायचं ते खाली चौथ्या नंबरला येईल. त्याच्या आधीची तीन कामं मालकाने स्वतः करायची आहेत, आणि ती राहिली तर लाखाचं घ्या नाहीतर फुकटातलं घ्या, दिवाळीपर्यंत सगळे परत वहीवर आलेले असतात. म्हणून क्रमाने वाचा.

१. आधी बघा, खरंच गरज आहे का

ईआरपी म्हणजे खरेदी, गेट, स्टोअर, प्रॉडक्शन, विक्री, उधारी, हिशोब हे सगळं एकाच ठिकाणी. गेटवर गाडी उतरली की स्टोअरला दिसते, स्टोअरने माल दिला की प्रॉडक्शनला दिसतो, बिल निघालं की खतावणीत आपोआप पडतं, तीच गोष्ट तीन माणसं तीन ठिकाणी लिहीत नाहीत.

स्वतःला तीन प्रश्न विचारा. आत्ता या क्षणी गोडाऊनला फोन न लावता कच्चा माल किती आहे सांगता येईल का? मागच्या आठवड्यात जो माल बनला त्याला किलोमागे खर्च किती आला? ज्या पार्टीला आज परत माल पाठवतोय तिच्याकडे आधीचे किती आणि किती दिवसांचे बाकी आहेत? तिन्हीची उत्तरं मिळत असतील तर खर्चात पडू नका. एकच गोडाऊन, आणला तसा विकला, असा धंदा असेल तर टॅली नीट वापरलं तरी पुष्कळ होतं. पण माल आत एका रूपात येतो आणि बाहेर दुसऱ्या रूपात जातो, मध्ये घट आहे, जॉबवर्क (आपला माल बाहेर देऊन काम करून घेणं) आहे, दोन-तीन गोडाऊन आहेत, तर मग नुसत्या अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरवर ओढाताण होते.

आणि एक कागद घ्या, त्यावर जास्तीत जास्त दोन दुखणी लिहा. "स्टॉक जुळत नाही", "उधारी वेळेवर कळत नाही", जे असेल ते. आज त्याचा आकडा काय आहे तो पण लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी फरक पडला की नाही ते बघता येईल. दहा दुखणी लिहू नका, दहा कधीच एकदम सुटत नाहीत.

२. मालाचा प्रवास कागदावर काढा

हे सगळ्यात महत्वाचं काम आणि हेच सगळे सोडून देतात. सॉफ्टवेअरवाला येईल आणि विचारेल असं वाटतं, तो येतो पण त्याला आपला धंदा माहीत नसतो, तो त्याच्या स्क्रीनच्या हिशोबाने विचारतो. त्याला खंडा (तुटलेली डाळ) म्हणजे काय, वटाव (रोखीची सूट) म्हणजे काय, बारदान (पोत्याचं वजन) का कापायचं हे सांगायला तुमच्याकडे लिहिलेलं पाहिजे.

डाळ मिलचं उदाहरण घ्या. तूर अडत्याकडून आली की वजनकाट्याची पावती, त्यातून बारदानाचं वजन वजा, मग हमाली, तोलाई, अडत, मार्केट फी, रोखीत दिले तर वटाव. हे सगळं मिळून तुरीचा खरा भाव पडतो, नुसता क्विंटलचा भाव म्हणजे खरेदी भाव नव्हे. मग चाळणी, माती-कचरा निघाला, तेल-पाणी लावून वाळवण, ओलावा उडाला, मग भरडाई. शंभर किलोतून डाळ साधारण ७० ते ७५ किलो येते, बाकी खंडा, चुनी, भुसी, आणि थोडी घट जी कुठेच दिसत नाही. चुनी-भुसी पण विकली जाते, तिला भाव आहे, तिची नोंद नसेल तर डाळीची किंमत खोटी निघते. आता हे सगळं ज्या सॉफ्टवेअरमध्ये "एक कच्चा माल, एक तयार माल" एवढंच बसतं ते डाळ मिलच्या कामाचं नाही. हे तुम्हाला डेमोच्या आधीच माहीत पाहिजे.

जिनिंगला कापूस आत आला की रुई साधारण तेहतीस-पस्तीस टक्के, बाकी सरकी आणि घट. विक्रीला भाव खंडीचा, म्हणजे ३५६ किलोचा, माल मोजायचा गाठीत, एक गाठ अंदाजे १७० किलो, खरेदी मात्र क्विंटलमध्ये. तीन वेगळी मापं एकाच मालाला.

पाईपवाल्यांना आणखी वेगळं. रेझिन, कॅल्शियम, स्टॅबिलायझर किलोत जातं, बाहेर पाईप नगावर किंवा मीटरवर विकला जातो, आणि एकाच साईजचा नग आज थोडा जड उद्या थोडा हलका निघतो. जो नुसते नग मोजतो त्याला जड पाईपमध्ये किती मटेरियल फुकट गेलं ते कळतच नाही, म्हणून नग आणि किलो दोन्ही एन्ट्रीत आले पाहिजेत. आणि स्क्रॅप दळून परत मिक्समध्ये जातं, ते पण लिहा. प्लास्टिकच्या चटईवाल्यांचं तेच, वर जॉबवर्कचं येणं-जाणं.

कसं काढायचं? कॉम्प्युटर नको. गेटपासून सुरू करा, मालाबरोबर चालत जा, प्रत्येक ठिकाणी उभं राहून विचारा की इथे कोण काय लिहितो, कशावर लिहितो, तो कागद पुढे कोणाकडे जातो. वॉचमनची वही, मापाड्याची चिठ्ठी, सुपरवायझरची डायरी, मुनीमजींची रोजमेळ, आणि शेठच्या खिशातली चिठ्ठी, सगळ्यांचे फोटो काढा. ज्या ठिकाणी "ते तोंडी सांगतात" असं उत्तर येईल तिथे लाल खूण करा, गळती बहुतेक तिथेच असते.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण कोणी सॉफ्टवेअरवाला बोलणार नाही. काही माल बिलाशिवाय जात असेल तर ते आधी बंद करा. ईआरपीमध्ये स्टॉक हा खऱ्या मालावर चालतो, अर्धा माल सिस्टीमच्या बाहेरून गेला तर स्टॉक कधीच जुळणार नाही, मग माणसं म्हणतील सॉफ्टवेअर खराब आहे. दोन्ही सोबत चालवायच्या नादात मी चांगली बसवलेली सिस्टीम मोडलेली बघितली आहे.

३. आपल्याकडचा एक माणूस नेमा

सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस काही दिवस येतो आणि जातो. रोज उठून ते चालवणारा आपल्यातलाच पाहिजे. शेठचा पुण्यात इंजिनियरिंग करणारा भाचा सुट्टीत येऊन बसवून देईल असं करू नका, सुट्टी संपली की तो गेला. कारखान्यात पाच-सात वर्षं काढलेला, गेटवरच्या माणसाशी पण बोलू शकतो आणि सीएशी पण, असा माणूस शोधा. कॉम्प्युटर थोडा कमी आला तरी चालेल, माल कळला पाहिजे.

त्याला या काळात अर्धा दिवस तरी दुसऱ्या कामातून मोकळा करा. दिवसभर बिलिंग करून संध्याकाळी सात वाजता ईआरपीचं बघ असं सांगितलं तर होणार नाही. पगारात काहीतरी वाढवा, जबाबदारी वाढली आहे. आणि त्याच्या जोडीला दुसरा एक तयार करा, कारण हे शिकलेला माणूस बाहेर लगेच उचलला जातो.

मालकाचं काय? मालकाने आठवड्यातला एक ठराविक तास द्यायचा, ज्यात अडलेले निर्णय होतील. "ही पार्टी दोन नावाने आहे, एक करायची का", "उधारीची लिमिट किती ठेवायची" असे प्रश्न दुसरा कोणी सोडवू शकत नाही.

४. सॉफ्टवेअर निवडा, पण डेमो आपल्या मालावर घ्या

नावं तुम्हाला माहीत असतील. टॅली बहुतेकांकडे आहेच, त्यावर स्टॉक, बॅच, जॉबवर्क बऱ्यापैकी होतं. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे नाहीत पण बसवणाऱ्याचे आणि सर्व्हरचे लागतात, "फुकट" ऐकून निघालेल्यांनी हे लक्षात ठेवा. ओडूची एक आवृत्ती ओपन सोर्स आहे, दुसरी पैशाची. सॅप बिझनेस वन मध्यम आकाराच्या धंद्याला बरं, खर्च पण तसाच. शिवाय जळगाव, धुळे, नाशिकला डाळ मिल, जिनिंग, सराफ यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवणारे स्थानिक लोक आहेत, त्यांना धंद्याची भाषा कळते हा मोठा फायदा, पण दोन माणसांची कंपनी असेल तर उद्या ते बंद पडले तर आपला डेटा कसा मिळणार हे आधी विचारा.

माझं मत विचाराल तर नावापेक्षा बसवून देणारा कोण आहे ते बघा. आणि तो तासाभरात गाडी करून येऊ शकतो का ते बघा, निदान पहिलं वर्ष.

डेमोला ते त्यांचा तयार डेटा दाखवतात, त्यात सगळं छान चालतं. त्यांना दुसऱ्या नंबरमध्ये काढलेला कागद द्या आणि सांगा की आमची एक गाडी तूर आत घ्या, भरडा, डाळ-खंडा-चुनी वेगळी करा, तीस किलोच्या कट्ट्यात भरा, विका, आणि शेवटी मला किलोचा खर्च दाखवा. जो हे करून दाखवेल त्याच्याशी पुढे बोला. "हे आपण कस्टमाईज करून देऊ" असं तीन-चार वेळा ऐकू आलं तर सावध व्हा.

हे पण विचाराच:
- एका माणसामागे पैसे की एका कंपनीमागे? वर्षाचे की एकदाच? १८ टक्के जीएसटी धरून आकडा सांगा.
- दुसऱ्या वर्षापासून मेंटेनन्स किती?
- आमच्यासारख्याच धंद्यातले दोन ग्राहक सांगा. आणि त्यांच्याकडे स्वतः जाऊन बघा, मालकाला नका विचारू, स्टोअरकीपरला विचारा.
- सोडून जायचं ठरलं तर सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळेल का?
- मराठीत स्क्रीन होते का?

५. करार लिहून घ्या

थोडक्यात सांगतो. काय काय करून देणार त्याची यादी, किती दिवस माणूस आपल्याकडे बसणार, शिकवणं किती वेळा, कस्टमाईजची प्रत्येक गोष्ट वेगळी ओळ करून त्यापुढे रक्कम. डेटा आमचा, हे वाक्य असायलाच पाहिजे. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा बऱ्यापैकी मोठा हप्ता तेव्हाच द्या जेव्हा एक पूर्ण महिना सिस्टीममध्ये बंद होऊन जीएसटीचे आकडे सीएच्या आकड्यांशी जुळतील. सुरुवातीलाच सगळे पैसे दिले की नंतर फोन उचलला जात नाही, हा आपल्याकडचा सगळ्यांचा अनुभव आहे.

६. मास्टर साफ करा

मास्टर म्हणजे मालाची यादी, पार्ट्यांची यादी, मापं, गोडाऊन, रेट. याला जेवढा वेळ लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट लागतो, आणि हे काम बाहेरच्याला करता येत नाही.

आपल्या टॅलीतली पार्टीची यादी काढून बघा. एकच माणूस "पाटील ट्रेडर्स पाचोरा", "पाटील ट्रे.", "पाटील भाऊ पाचोरा" असा तीन ठिकाणी निघेल आणि तिन्हीकडे थोडी थोडी बाकी. आपल्याकडे पाटील, चौधरी, महाजन, जैन ही नावं इतकी आहेत की नावावर भरवसा ठेवताच येत नाही. प्रत्येक पार्टीला जीएसटी नंबर, नसेल तर मोबाईल नंबर, यावर एकच खातं ठेवा. गाव आणि तालुका वेगळ्या रकान्यात घ्या, म्हणजे नंतर "चोपडा साईडची उधारी" एका क्लिकवर निघते.

मालाच्या यादीत तर जास्त गोंधळ. "११० एमएम ४ केजी", "११० पाईप ४केजी", "पाईप ११०-४" हे तिन्ही एकच (केजी म्हणजे इथे वजन नाही, प्रेशर). एक नियम ठरवा, आधी प्रकार, मग साईज, मग प्रेशर, मग लांबी, आणि त्याच क्रमाने सगळी नावं परत लिहा. दोन वर्षांत न हललेला माल बंद यादीत टाका. कोड छोटा ठेवा, गेटवरच्या माणसाला तोंडी सांगता आला पाहिजे.

मापाचं रूपांतर एकदाच बसवा. क्विंटल म्हणजे १०० किलो हे सोपं, पण तुमचा कट्टा ३० किलोचा की ५० चा? एकाच मालाचे दोन्ही कट्टे असतील तर दोन वेगळे आयटम करा. डाळवाल्यांना याचं आणखी एक कारण आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतचं पॅक आणि लेबल केलेलं धान्य-डाळ ५ टक्के जीएसटीत आलं, त्याच्या वरचं पॅकिंग त्यात येत नाही. म्हणजे एक किलोचं पाकीट आणि तीस किलोचा कट्टा, डाळ तीच असली तरी टॅक्स वेगळा. एकच आयटम ठेवला तर बिलिंगवरचा मुलगा रोज हाताने टॅक्स बदलेल आणि एक दिवस विसरेल.

यादी झाली की तिचा प्रिंट काढा आणि स्टोअरकीपर, सुपरवायझर, बिलिंगवाला, तिघांच्या सह्या घ्या. नंतर नवीन आयटम किंवा नवीन पार्टी उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे. सगळ्यांना मोकळं सोडलं की तीन महिन्यांत यादी परत जुनी होते.

७. जीएसटीच्या ज्या गोष्टी आधीच बसवायच्या

सीएला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, शेवटी दाखवायला नेऊ नका.

ई-इन्व्हॉइस : २०१७-१८ पासून कोणत्याही एका वर्षात उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर व्यापाऱ्याला दिलेल्या बिलाला ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतं, १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा आहे. १० कोटी आणि वरच्यांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर चढवावं लागतं. सॉफ्टवेअरमधून थेट निघालं पाहिजे, परत पोर्टलवर टाईप करायची वेळ येऊ नये.

ई-वे बिल (गाडीतल्या मालासोबतचा ऑनलाइन परवाना) : महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर, राज्याबाहेर ५० हजारांच्या वर. आपल्याला हे जास्त लागू कारण रावेरहून बऱ्हाणपूर किंवा नवापूरहून सुरत म्हणजे गाडी तासा-दोन तासात दुसऱ्या राज्यात, अंतर कमी म्हणून माणसं विसरतात. पार्टीच्या मास्टरमध्ये राज्य बरोबर असेल तर सिस्टीम आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीचा जीएसटी) आणि ई-वे दोन्ही बरोबर धरते.

एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड) : उलाढाल ५ कोटींपर्यंत ४ आकडी, वर ६ आकडी. मास्टर साफ करतानाच भरून घ्या.

जिनिंगवाल्यांनो, शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर ५ टक्के रिव्हर्स चार्ज, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा जीएसटी, आपल्याला भरायचा असतो आणि सेल्फ इन्व्हॉइस, म्हणजे त्या खरेदीचं बिल आपणच, बनवायचं असतं. काटा पावतीवरूनच ते आपोआप तयार होईल असं करून घ्या, हंगामात शंभर बैलगाड्या-ट्रॅक्टर उभे असताना हाताने होत नाही.

जॉबवर्क : बाहेर पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला पाहिजे. चलनावरून किती दिवस झाले हे दाखवणारा रिपोर्ट पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, आयटीसी-०४ (जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म) भरताना तोच कामाला येतो.

टॅक्सचा रेट तारखेनुसार बदलता आला पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ ला ठिबकचं सामान १२ वरून ५ टक्क्यांवर आलं, तेव्हा ज्यांच्याकडे रेट थेट आयटममध्ये ठोकलेला होता त्यांना जुन्या तारखेचा माल-परतीचा हिशोब नीट लागेना.

तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी कधी काय बदललं याची नोंद राहणं सक्तीचं आहे, आणि ती बंद करता येता कामा नये. प्रोप्रायटर किंवा भागीदारी असेल तर सक्ती नाही, तरी चालूच ठेवा.

८. तारीख ठरवा आणि स्टॉक मोजा

हंगामात सुरू करायचं नाही. जिनिंग असेल तर दसऱ्यानंतर विसरा, जुलै-ऑगस्टमध्ये करा. डाळ मिलला जानेवारीपासून नवी तूर यायला लागते, त्याच्या आधी बसलेलं पाहिजे. पाईप-ठिबकला उन्हाळा म्हणजे धावपळ, पूर्वहंगामी कापसाची लागवड होईपर्यंत कोणाला श्वास घ्यायला वेळ नसतो, तर पावसाळा बरा. आखाजीला (अक्षय तृतीयेला) आणि श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या वेळी मजूर गावी जातात, ते दिवस स्टॉक मोजायला नका धरू, माणसंच मिळणार नाहीत.

१ एप्रिलला सुरू करायचं सगळे सांगतात, हिशोबाला ते सोपं पडतं. पण मार्च एंडला अकाउंटंट आधीच जागत असतो, त्यात नवीन सिस्टीम. कोणत्याही महिन्याच्या १ तारखेला सुरू करता येतं, वर्षाच्या मध्ये वेगळी बिल सिरीज चालते, फक्त बिल नंबर १६ अक्षरांच्या आत आणि सलग पाहिजे.

आदल्या दिवशी माल आत-बाहेर पूर्ण बंद. दोन-दोन माणसांच्या जोड्या करा, एक स्टोअरचा एक बाहेरचा. मोजलेल्या थप्पीवर खडूने खूण आणि तारीख. सिस्टीम काय सांगते हे मोजणाऱ्याला दाखवायचं नाही, नाहीतर तो तोच आकडा लिहून आणतो. फरक निघेल, खूप निघेल, घाबरू नका, जे खरं मोजलं तेच ओपनिंग म्हणून टाका.

त्या दिवशी हातात हे कागद तयार पाहिजेत:
- जीएसटी सर्टिफिकेट, पॅन, उद्यम (लहान उद्योगांची सरकारी) नोंदणी
- मागच्या वर्षाचा ताळेबंद आणि आदल्या दिवसाचा ट्रायल बॅलन्स
- येणं-देणं बिलानुसार, नुसती एकूण बाकी नको, नाहीतर किती दिवसांची उधारी ते कधीच कळणार नाही
- जॉबवर्कला बाहेर असलेल्या मालाची चलनं
- न भरलेल्या ऑर्डरी, घेतलेले आणि दिलेले ॲडव्हान्स
- बँकेचं स्टेटमेंट आणि न वटलेले चेक
- मिक्सचा फॉर्म्युला, मशीनप्रमाणे
- खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआय लायसन्स, आयएसआय मार्कचा पाईप असेल तर बॅच रजिस्टर

बिलानुसार देणं टाकताना ज्या पार्ट्या उद्यममध्ये सूक्ष्म किंवा लघु उत्पादक आहेत त्यांना खूण करा. त्यांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे आहेत, नाहीतर इन्कम टॅक्समध्ये तो खर्च ज्या वर्षी पैसे देऊ त्याच वर्षी धरला जातो.

९. माणसांना शिकवणं

इथे घाई केली की सगळं वाया. एका युनिटला शिकवायला बाहेरून माणूस आला, प्रोजेक्टर लावला, सगळ्यांना एकत्र बसवून दोन तास इंग्रजी शब्दांत बोलला आणि गेला. दुसऱ्या दिवशी स्टोअरवाले आबा म्हणाले, "भाऊ, हाई मन्हाकडून व्हवाव नही", म्हणजे हे माझ्याच्याने होणार नाही. वीस वर्षं ज्या माणसाला कोणत्या रॅकमध्ये कोणता नट आहे ते डोळे मिटून माहीत, तो असं म्हणतो तेव्हा शिकवणाऱ्याने पद्धत बदलायची.

मग असं केलं. प्रत्येकाला फक्त त्याचीच स्क्रीन. आबांना दोनच गोष्टी, माल आला आणि माल दिला. एका कागदावर मराठीत पाच ओळी, स्क्रीनचा फोटो, कुठे बोट लावायचं तिथे गोल, तो कागद कॉम्प्युटरशेजारी चिकटवला. पहिले काही दिवस आपला माणूस त्यांच्या शेजारी बसला, पण कीबोर्डला हात लावला नाही. आता आबाच नवीन पोरांना शिकवतात.

एक भीती कोणी बोलून दाखवत नाही. स्टोअरवाल्याला वाटतं जुना फरक माझ्या डोक्यावर येईल, मुनीमजींना वाटतं आता माझी गरज संपली. मालकाने सगळ्यांसमोर सांगून टाकायचं की सुरुवातीचा फरक कोणाच्याही पगारातून कापला जाणार नाही, आणि कोणाला काढायला हे आणलेलं नाही. आणि मग तो शब्द पाळायचा. हे न सांगितल्यामुळे माणसं आकडे जुळवून लिहायला लागतात, आणि जुळवून लिहिलेला आकडा चुकीच्या आकड्यापेक्षा वाईट, कारण तो सापडत नाही.

१०. जुनी वही कधी बंद करायची

एक महिना दोन्ही सोबत चालवा, त्याच्यापेक्षा जास्त नाही. दोन्ही लिहायचा कंटाळा आला की माणूस सोपं असतं ते ठेवतो, आणि सोपी वहीच असते. तारीख आधीच जाहीर करा, त्या दिवशी जुनी बिलबुकं, चलनबुकं, डायऱ्या गोळा करून कपाटात कुलूपबंद. सिस्टीममधून निघालेलं चलन नसेल तर गेटवरून गाडी सोडायची नाही, शेठचा फोन आला तरी नाही. हा नियम पहिल्यांदा मालकच मोडतो, ओळखीच्या पार्टीला घाई असते म्हणून. मालकाने एकदा मोडला की वॉचमन कोणालाच अडवू शकत नाही.

स्टॉक मायनसमध्ये जाऊ द्यायचा का, हे सगळे विचारतात. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे फक्त इशारा येऊ द्या, नंतर पूर्ण अडवा. पहिल्या दिवसापासून अडवलं तर गाड्या थांबतात आणि माणसं चिडतात, कायम मोकळं ठेवलं तर खरेदीच्या एन्ट्र्या चार दिवस उशिरा पडायला लागतात. मागच्या तारखेची एन्ट्री करायला पण मर्यादा घाला, दोन दिवस पुष्कळ झाले.

मालकाने रोज सकाळी चहासोबत तीन रिपोर्ट उघडायचे. कालचा स्टॉक, कालचं प्रॉडक्शन आणि घट, ४५ दिवसांवरची उधारी. व्हॉट्सअपवर एक्सेल मागवायचं नाही, स्वतः लॉगिन करून बघायचं. मालक बघतोय हे कळलं की एन्ट्र्या वेळेवर होतात, इतकं साधं आहे ते. घट अचानक दोन टक्के वाढलेली दिसली तर त्याच दिवशी खाली जाऊन विचारा.

११. वीज, ऊन, बॅकअप

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. कॉम्प्युटर आणि यूपीएस शेडमध्ये उघडे ठेवू नका, बॅटरी लवकर बसते. डाळ मिलला भुसा सीपीयूत जातो, तिथे छोटी काचेची केबिन करा. इंटरनेटवर चालणारी सिस्टीम असेल तर दोन कंपन्यांची कनेक्शनं घ्या, एक वायरचं एक मोबाईलचं. आपल्या ऑफिसातच सर्व्हर असेल तर रोज रात्री आपोआप बॅकअप, आणि तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायचा, न उघडणारा बॅकअप काही कामाचा नाही.

प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. सगळे "ॲडमिन"ने काम करत असतील तर कोणी काय बदललं ते सापडणार नाही. माणूस सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद.

१२. पहिला मार्च एंड

खरी परीक्षा इथे. फेब्रुवारीतच एकदा स्टॉक मोजून घ्या म्हणजे मार्चला धक्का बसत नाही. ३१ ला परत मोजा, आणि फरक भरून टाकण्याआधी कारण शोधा, बहुतेक वेळा जॉबवर्कहून आलेला माल, स्क्रॅप किंवा सॅम्पलला गेलेला माल निघतो. सीएकडून आकडे पक्के झाले की ते वर्ष सिस्टीममध्ये लॉक करा, म्हणजे मागे जाऊन कोणी बदलू शकणार नाही. जुन्या टॅलीचा डेटा आणि जुनी बिलबुकं फेकू नका, जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, म्हणून जुना कॉम्प्युटर विकण्याआधी त्यातलं सगळं हार्ड डिस्कवर काढा आणि ती डिस्क कारखान्यात न ठेवता घरी ठेवा. नवीन वर्षाची बिल सिरीज १ एप्रिलला सकाळी पहिली गाडी भरायच्या आत सुरू झालेली पाहिजे, आदल्या संध्याकाळी टेस्ट कंपनीत एक बिल काढून नंबर, टॅक्स आणि ई-इन्व्हॉइस तिन्ही बरोबर येतात का ते बघून घ्या.